आवाजासाठी साधा मायक्रोफोन प्रीअँप्लिफायर: आकडेमोडीपासून जुळणीपर्यंत

मायक्रोफोनच्या प्रीअँप्लिफायरची (क्षीण सिग्नल पुढच्या उपकरणाला पुरेल इतका मोठा करणाऱ्या सर्किटची) आकृती शोधू गेल्यास शेकडो सापडतात आणि त्यांतील बहुतेक चालतातही. तरीही एखाद्यात बोलण्यामागे सतत खरखर ऐकू येते, दुसऱ्यात मेन्सची घरघर मिसळते, तर तिसऱ्यात जरा मोठ्याने बोलताच आवाज फाटतो. याचे कारण बहुधा असे असते, की आकृतीतील किमती कुठून तरी उचललेल्या असतात आणि आपला मायक्रोफोन, आपले बोलण्याचे अंतर व आपला सप्लाय यांच्याशी त्या ताडून पाहिलेल्या नसतात. म्हणून या लेखात सर्किट आधी कागदावर उभे करू आणि प्रत्येक रेझिस्टर व कपॅसिटर तेवढ्याच किमतीचा का, हे पाहत पुढे जाऊ. मायक्रोफोन इलेक्ट्रेट प्रकारचा, ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारा तयार घटक) एकाच आयसीत दोन, सप्लाय ९ व्होल्टच्या बॅटरीचा आणि काम केवळ माणसाच्या बोलण्याचे, एवढी चौकट धरून चालू.

सुरुवात आवाजाच्या पातळीपासून

ध्वनिदाब पास्कलमध्ये मोजतात आणि १ पास्कल म्हणजे ९४ डेसिबल. साधे बोलणे तोंडापासून एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरते. अंतर दहापट कमी केले की पातळी २० डेसिबलने वाढते, त्यामुळे १० सेंटीमीटरवर तेच बोलणे ८० डेसिबल, म्हणजे ०.२ पास्कल इतके होते. सर्वसाधारण इलेक्ट्रेट कॅप्सूलची संवेदनशीलता १ पास्कलला ६ ते १२ मिलिव्होल्टच्या दरम्यान असते. आपण ८ मिलिव्होल्ट धरू. मग १० सेंटीमीटरवरून बोलणाऱ्या माणसाचा सिग्नल १.६ मिलिव्होल्ट होईल.

हा सिग्नल न्यायचा आहे लाइन पातळीपर्यंत, म्हणजे रेकॉर्डर किंवा संगणकाच्या लाइन-इनला लागणाऱ्या पातळीपर्यंत. घरगुती उपकरणांसाठी ही पातळी ०.३१६ व्होल्ट मानली जाते. ०.३१६ ला ०.००१६ ने भागले की जवळपास २०० येतात, म्हणजे आपल्याला सुमारे ४६ डेसिबल गेन, अर्थात सिग्नलची २०० पट वाढ, हवी. मात्र बोलण्याची सरासरी पातळी आणि त्यातील शिखरे यांत मोठा फरक असतो. शिखरे सरासरीपेक्षा १२ डेसिबल वर, म्हणजे सुमारे चौपट जातात, असे धरणे सुरक्षित आहे. सरासरी ०.३१६ व्होल्ट असेल तर शिखरे १.३ व्होल्टपर्यंत जातील. ९ व्होल्टच्या सप्लायवर मध्यबिंदू (सिग्नल ज्याभोवती वरखाली होतो ते मधले व्होल्टेज) ४.५ व्होल्टला ठेवला आणि ऑप-अँपचे आउटपुट दोन्ही टोकांपासून दीड व्होल्ट अलीकडेच थांबते असे मानले, तरी दोन्ही बाजूंना ३-३ व्होल्टची मोकळीक उरते. बॅटरीवरचे साधे सर्किट या कामाला पुरेसे आहे, हे एकही भाग हातात घेण्याआधी असे कळून येते.

डायनॅमिक मायक्रोफोनसाठी हेच गणित वेगळे येते. त्याची संवेदनशीलता १ पास्कलला साधारण २ मिलिव्होल्टच्या आसपास असते आणि अंतर्गत रोध १५० ते ६०० ओहम असतो. त्यामुळे त्याला कितीतरी जास्त गेन व फार कमी नॉइजचे (स्वतःच्या खरखरीचे) इनपुट लागते. त्याचे सर्किट स्वतंत्रपणेच आखावे. इलेक्ट्रेटच्या सर्किटमध्ये एक रेझिस्टर काढून ते भागवण्याचा प्रयत्न करू नये.

कॅप्सूलचा सप्लाय: येथे घाई करू नये

१९६२ साली बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन विकसित केला. त्याच्या पडद्याला किंवा मागच्या पत्र्याला कायमचा विद्युतभार दिलेला असतो, त्यामुळे बाहेरून मोठे ध्रुवीकरण व्होल्टेज द्यावे लागत नाही. परंतु अशा कॅप्सूलची धारकता अवघी काही पिकोफॅरड असते आणि तिचा सिग्नल थेट तारेत आणणे शक्य नसते, म्हणून कॅप्सूलच्या डबीतच एक फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. आपण बाहेरून जो सप्लाय देतो, तो या ट्रान्झिस्टरसाठी असतो. त्याचा ड्रेन (सिग्नल बाहेर देणारा पाय) कॅप्सूलच्या एका टोकाला आलेला असतो, दुसरे टोक डबीच्या धातूला जोडलेले असते आणि तेच ग्राउंड होय. कॅप्सूलच्या पाठीमागे निरखून पाहिल्यास एका पॅडपासून डबीच्या कडेपर्यंत तांब्याच्या बारीक रेषा गेलेल्या दिसतात. ते ग्राउंडचे पॅड आहे.

सप्लायपासून ड्रेनपर्यंत २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावतात आणि सिग्नल ड्रेनवरून घेतात. आता येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक खराब प्रीअँप्लिफायर याच ठिकाणी खराब होतात. ट्रान्झिस्टरचा ड्रेन जवळपास स्थिर करंटच्या स्रोतासारखा वागतो, म्हणजे त्यावरचे व्होल्टेज बदलले तरी करंट फारसा बदलत नाही. याचा अर्थ असा, की सप्लायमध्ये जी काही थरथर असेल ती २.२ किलोओहममधून जवळजवळ जशीच्या तशी ड्रेनवर उतरते. आपला सिग्नल १.६ मिलिव्होल्ट आहे. साध्या अडॅप्टरच्या आउटपुटवर १० मिलिव्होल्टचा रिपल (मेन्समधून उरलेली थरथर) असणे मुळीच विशेष नाही, आणि तसा अडॅप्टर थेट जोडला तर घरघर बोलण्याच्या सहापट मोठी होईल. रेग्युलेटर आयसी लावला तरी त्याचा स्वतःचा नॉइज दहाच्या काही पट मायक्रोव्होल्टचा असतो, आणि कॅप्सूलचा नॉइज त्याहून बराच कमी, हे आपण पुढे पाहणारच आहोत. पुढच्या टप्प्यात कितीही उत्तम आयसी बसवला तरी येथे मिसळलेली घरघर सिग्नलपासून वेगळी काढता येत नाही.

उपाय सोपा आहे. सप्लाय आणि २.२ किलोओहम यांच्या मध्ये आणखी १ किलोओहमचा रेझिस्टर घालावा आणि दोघांच्या सांध्यावरून ग्राउंडकडे २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा. या जोडीची छेद वारंवारता (जिच्यापासून फिल्टर सिग्नल कापू लागतो ती) ०.७ हर्ट्झच्या जवळ येते, म्हणून १०० हर्ट्झचा रिपल सुमारे १४० पटींनी खाली जातो. अडॅप्टरवर चालवायचेच असेल तर असे दोन टप्पे एकापुढे एक लावावेत.

बॅटरी असताना याची गरज काय, अशी शंका येऊ शकते. बॅटरीत रिपल नसतो हे खरे, पण तिला अंतर्गत रोध असतो आणि ती उतरत जाते तसा तो वाढत जातो. ऑप-अँप आउटपुटला करंट देतो तेव्हा बॅटरीचे व्होल्टेज किंचित हलते, ती हालचाल कॅप्सूलच्या रेझिस्टरमधून पुन्हा इनपुटला येते आणि २०० पट मोठी होऊन परत फिरते. सर्किट मग भक्-भक् असा मंद, ठोक्यांचा आवाज करू लागते. या दोषाला मोटरबोटिंग म्हणतात. नव्या बॅटरीवर उत्तम चालणारे सर्किट बॅटरी अर्धी उतरल्यावर असे वागू लागले, तर प्रथम हा फिल्टर तपासावा.

आता कॅप्सूलवरचे डीसी व्होल्टेज पाहू. ती साधारण ०.३ मिलिअँपियर करंट घेते असे धरले, तर १ आणि २.२ किलोओहम मिळून सुमारे १ व्होल्ट पडतो आणि कॅप्सूलला ८ व्होल्ट मिळतात. बहुतेक कॅप्सूलची कमाल मर्यादा १० व्होल्ट असते, म्हणून हे ठीक आहे. सप्लाय १२ व्होल्टचा असेल तर मात्र फिल्टरचा रेझिस्टर १ ऐवजी १० ते १५ किलोओहम करावा. त्याने सिग्नलवर परिणाम होत नाही, कारण सिग्नलच्या दृष्टीने तो सांधा कपॅसिटरमुळे ग्राउंडच असतो. याउलट २.२ किलोओहमच्या जागी ४.७ किलोओहम लावला तर सिग्नल जवळपास दुप्पट होतो, कारण त्याच करंटचा उतार आता मोठ्या रोधावर पडतो. रेझिस्टरचा नॉइज मात्र दुप्पट होत नाही, तो वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे दीडपटीच्या आसपास वाढतो. दूरवरच्या बोलण्यासाठी ही युक्ती चांगली आहे, पण तोंडाजवळ धरायच्या मायक्रोफोनला तिची गरज नाही. पुढची आकडेमोड २.२ किलोओहम धरूनच केली आहे.

कोणता आयसी घ्यावा

या प्रश्नावर जेवढी चर्चा होते तेवढे महत्त्व त्याला इलेक्ट्रेटच्या बाबतीत नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि ते आकड्यांनी तपासता येते. साधारण कॅप्सूलचा सिग्नल-टू-नॉइज रेशो (सिग्नल व नॉइज यांचे गुणोत्तर) १ पास्कलला ६० डेसिबल दिलेला असतो. म्हणजे ८ मिलिव्होल्टच्या तुलनेत तिचा स्वतःचा नॉइज हजारपट लहान, ८ मायक्रोव्होल्ट असतो. टीएल ०७२ या आयसीचा नॉइज दर वर्गमूळ-हर्ट्झला १८ नॅनोव्होल्ट आहे, आणि २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो २.५ मायक्रोव्होल्ट भरतो. एनई ५५३२ चा आकडा ५ नॅनोव्होल्ट असून त्याच पट्ट्यात तो ०.७ मायक्रोव्होल्ट होतो. नॉइज सरळ मिळवायचे नसतात. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे असते. तसे केल्यावर पहिल्या आयसीसह एकूण नॉइज ८.४ आणि दुसऱ्यासह ८.० मायक्रोव्होल्ट येतो. फरक अर्ध्या डेसिबलचाही नाही.

याच्या उलट, बोलणाऱ्याने ३० सेंटीमीटरवरून १० सेंटीमीटरवर यावे, की सिग्नल साडेनऊ डेसिबलने वाढतो. कोणताही आयसी बदलून एवढा फायदा मिळत नाही. सिग्नल-टू-नॉइज रेशो ७४ किंवा ८० डेसिबल असलेल्या उत्तम कॅप्सूल वापरायच्या असतील तेव्हा एनई ५५३२ ची निवड खरोखर अर्थपूर्ण ठरते. साध्या कॅप्सूलला टीएल ०७२ पुरतो आणि तो बॅटरीही कमी खातो: दोन्ही ऑप-अँप मिळून सुमारे ३ मिलिअँपियर, तर एनई ५५३२ ला सुमारे ८ मिलिअँपियर लागतात. एलएम ३५८ मात्र टाळावा. त्याचा नॉइज अधिक आहे आणि आउटपुटचा सिग्नल शून्याभोवती दिशा बदलताना त्यात क्रॉसओव्हर विकृती येते. बारीक आवाजात ती कर्कशपणे जाणवते.

एका ट्रान्झिस्टरचे प्रीअँप्लिफायरही बनते आणि शिकण्यासाठी ते चांगले आहे. पण त्याचा गेन ट्रान्झिस्टरवर, तापमानावर व सप्लायवर अवलंबून राहतो आणि मोठ्या सिग्नलला विकृती लवकर येते, म्हणून येथे ऑप-अँपच घेतला आहे.

पहिला टप्पा

२०० चा गेन एकाच टप्प्यात घेता येईल, पण घेऊ नये. टीएल ०७२ ची गेन-बँडविड्थ (गेन आणि तो मिळण्याची कमाल वारंवारता यांचा गुणाकार) ३ मेगाहर्ट्झ आहे. तिला २०० ने भागले की १५ किलोहर्ट्झ उरतात, आणि त्या टोकाजवळ फीडबॅकला (आउटपुटमधून इनपुटकडे परत आणलेल्या सिग्नलला) विकृती दुरुस्त करण्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. एखाद्याने तोंड जवळ आणून जोराने ओरडले तर ध्वनिदाब ११० डेसिबलपर्यंत, म्हणजे ६.३ पास्कलपर्यंत जाऊ शकतो. कॅप्सूल तेव्हा ५० मिलिव्होल्ट देईल, ज्याचे शिखर ७१ मिलिव्होल्ट असेल. पहिल्या टप्प्याचा गेन २०० असता तर हा सिग्नल तेथेच छाटला गेला असता, आणि मग पुढे कोणतीही नॉब फिरवून उपयोग नसता. गेन २३ ठेवला तर शिखर १.६ व्होल्टवर जाते आणि ३ व्होल्टच्या मोकळिकीत सहज बसते. म्हणून फीडबॅकला २२ किलोओहम आणि उणे इनपुटपासून ग्राउंडकडे १ किलोओहम. गेन म्हणजे १ अधिक २२ भागिले १, अर्थात २३.

जोडणी नॉन-इन्व्हर्टिंग, म्हणजे सिग्नल ऑप-अँपच्या अधिक इनपुटला देणारी असावी; उणे इनपुटला दिला तर ती इन्व्हर्टिंग होते. इन्व्हर्टिंग जोडणीत इनपुटचा रेझिस्टर लहान ठेवला तर तो कॅप्सूलवर भार टाकतो आणि मोठा ठेवला तर स्वतःचा नॉइज घालतो.

ड्रेनवरचा सिग्नल १ मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरमधून अधिक इनपुटला न्यावा, आणि त्या इनपुटपासून १०० किलोओहमचा रेझिस्टर मध्यबिंदूला जोडावा. खालचे सूर कापायचे असतील तर हाच कपॅसिटर लहान करावा, असा मोह होतो, पण तो आवरावा. कपॅसिटर मोठा असतो तेव्हा इनपुटला समोर कॅप्सूलचा २.२ किलोओहमचा रोध दिसतो आणि १०० किलोओहमचा नॉइज त्यात विरून जातो. कपॅसिटर २२ नॅनोफॅरड केला, तर खालच्या वारंवारतांना ती वाट अडते, इनपुटला १०० किलोओहम उघडा दिसू लागतो आणि त्याचा नॉइज, तसेच एनई ५५३२ असेल तर त्याच्या करंटचा नॉइजही, २३ पट होऊन बाहेर पडतो. आवाज कापायचा तो पुढच्या टप्प्यावर, सिग्नल मोठा झाल्यानंतर कापावा.

१ किलोओहमच्या रेझिस्टरला ग्राउंडच्या बाजूने १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, म्हणजे डीसीसाठी गेन १ राहतो आणि इनपुटचे लहानसहान ऑफसेट (डीसी व्होल्टेजचे फरक) मोठे होत नाहीत. यांची छेद वारंवारता १६ हर्ट्झ येते. हा कपॅसिटर मध्यबिंदूला न जोडता थेट ग्राउंडलाच जोडावा, कारण मध्यबिंदूवर जी थोडीफार थरथर असते ती तेथून शिरली तर २२ पट वाढून आउटपुटला येते. अधिक इनपुटच्या १०० किलोओहममधून येणारी थरथर मात्र कॅप्सूलच्या २.२ किलोओहमशी विभागली जाऊन सुमारे ४६ पट लहान होते आणि त्रास देत नाही. इलेक्ट्रोलिटिक वापरल्यास त्याचे अधिक टोक ऑप-अँपच्या बाजूला यावे.

रेडिओ आणि मोबाइलच्या लहरी आत येऊ नयेत म्हणून फिल्म कपॅसिटर व अधिक इनपुट यांच्या मध्ये ४७० ओहम घालावा आणि इनपुटच्या पायापासून ग्राउंडकडे ४७० पिकोफॅरड द्यावा. हा लहान कपॅसिटर आयसीच्या पायाला अगदी चिकटून बसला पाहिजे, तरच त्याचा उपयोग. फीडबॅकच्या २२ किलोओहमला समांतर ३३० पिकोफॅरड लावला की सुमारे २२ किलोहर्ट्झच्या वर गेन उतरू लागतो. माणसाच्या आवाजातील श, स यांसारख्या वर्णांची ऊर्जा ८-१० किलोहर्ट्झपर्यंत व त्याच्याही वर जाते, म्हणून ही मर्यादा फार खाली आणू नये.

दुसरा टप्पा आणि आवाजाचा पट्टा

पहिल्या आउटपुटपासून ४७ नॅनोफॅरडमधून दुसऱ्या ऑप-अँपच्या अधिक इनपुटला यावे आणि तेथून ४७ किलोओहम मध्यबिंदूला द्यावा. यांची छेद वारंवारता ७२ हर्ट्झ आहे. पुरुषी आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ हर्ट्झपासून सुरू होतो. त्याखाली श्वासाचे फुंकर, टेबलाचे धक्के आणि पंख्याची घुरघूर याखेरीज आपल्या कामाचे काही नसते. छेद वारंवारता ठरवताना एक लक्षात ठेवावे, की अशा जोड्यांचा परिणाम एकत्र होतो. ७२ हर्ट्झची एक आणि १६ हर्ट्झच्या दोन जोड्या मिळून प्रत्यक्षात ३ डेसिबलची घट ७८ हर्ट्झच्या आसपास येते. १६ च्या जागी ३४ हर्ट्झ घेतले असते तर तीच घट १०० हर्ट्झजवळ सरकली असती आणि भारदस्त आवाज पातळ वाटला असता.

या टप्प्यातही उणे इनपुटपासून १ किलोओहम व १० मायक्रोफॅरड ग्राउंडकडे जातात. फीडबॅकला १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर असून त्याला समांतर ४७ पिकोफॅरड लावावा. गेन १ ते ११ फिरतो, म्हणजे एकूण गेन २३ ते २५३. आपल्याला हवे असलेले २०० त्यात येतात. १ किलोओहम बदलता ठेवूनही गेन फिरवता आला असता, पण मग गेनबरोबर खालची छेद वारंवारताही सरकली असती आणि नॉब फिरवताना आवाजाचा पोत बदलला असता. पोटेन्शिओमीटरचा मधला पाय त्याच्या एका टोकाला अवश्य जोडावा. कालांतराने मधला संपर्क धुळीने सुटतो. तो टोकाला जोडलेला नसेल तर त्या क्षणी फीडबॅक तुटून स्पीकरमध्ये मोठा धडाका होतो, आणि जोडलेला असेल तर फक्त गेन कमाल होतो.

आउटपुटला १० मायक्रोफॅरड (अधिक टोक ऑप-अँपकडे), त्यानंतर ग्राउंडकडे १०० किलोओहम आणि बाहेर जाताना मालिकेत १०० ओहम असावा. १०० किलोओहममुळे कपॅसिटर आधीच भरलेला राहतो आणि केबल जोडताना ठक असा आवाज येत नाही. लांब केबलच्या धारकतेमुळे ऑप-अँप दोलायमान होऊ नये, यासाठी १०० ओहम आहे.

मध्यबिंदू बनवण्यासाठी सप्लाय व ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावून त्यांच्या सांध्यावर १०० मायक्रोफॅरड द्यावा. सप्लायच्या सुरुवातीला उलट जोडणीपासून संरक्षणासाठी डायोड व त्यानंतर १०० मायक्रोफॅरड असावा, आणि आयसीच्या ८ व ४ क्रमांकाच्या पायांवर १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर शक्य तितका जवळ बसवावा.

जुळणी

कॅप्सूलपासून बोर्डापर्यंत शील्ड असलेली केबल वापरावी. पॅडवर सोल्डर दोन-तीन सेकंदांत उरकावे, कारण जास्त उष्णतेने आतील प्लास्टिकचा पडदा व त्यावरचा भार दोन्ही बिघडतात. तारांच्या टोकांना आणि पॅडला आधी वेगवेगळे सोल्डर लावून घेतले, की जोडताना क्षणभराचा स्पर्श पुरतो.

ग्राउंडच्या जोडण्या विचारपूर्वक कराव्यात. केबलचे शील्ड, २२० मायक्रोफॅरडचे खालचे टोक, ४७० पिकोफॅरड आणि पहिल्या टप्प्यातील १० मायक्रोफॅरड हे सर्व एका बिंदूवर आणावेत. आउटपुटचे ग्राउंड व बॅटरीचे उणे टोक त्या बिंदूच्या पलीकडे असावे. तसे झाले म्हणजे आउटपुटचा करंट इनपुटच्या ग्राउंडमधून वाहत नाही. तांब्याच्या पट्टीचा रोध अगदी लहान असतो हे खरे, पण २०० च्या गेनपुढे मायक्रोव्होल्टही मोजावे लागतात. सर्किट धातूच्या डबीत ठेवून डबी एकाच ठिकाणी ग्राउंडला जोडावी, आणि पोटेन्शिओमीटरचे बाह्यांगही ग्राउंड झाल्याची खात्री करावी. नॉबला हात लावताच घरघर वाढत किंवा कमी होत असेल तर हे बाह्यांग सुटलेले आहे, असे समजावे.

चाचणी

आयसी सॉकेटमध्ये न बसवता आधी सप्लाय द्यावा. डायोडनंतरचे व्होल्टेज ८.५ च्या आसपास, मध्यबिंदू त्याच्या निम्मा आणि कॅप्सूलवर साडेसात व्होल्टच्या जवळपास असावे. कॅप्सूलवर पूर्ण सप्लाय दिसत असेल तर ती जोडलीच गेलेली नाही, आणि शून्याजवळ दिसत असेल तर टोके उलट झाली आहेत किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. मग सप्लाय काढून आयसी बसवावा आणि १ व ७ क्रमांकाच्या पायांवर मध्यबिंदूइतकेच व्होल्टेज आहे का, ते पाहावे. काही दशांश व्होल्टहून अधिक फरक असेल तर पुढे न जाता आधी त्या टप्प्याचे १० मायक्रोफॅरड आणि मध्यबिंदूकडे जाणारा रेझिस्टर तपासावा.

यानंतर गेन मोजावा. कॅप्सूल सोडवून तिच्या जागी सिग्नल जनरेटरचा १ व्होल्ट, १ किलोहर्ट्झचा सिग्नल १०० किलोओहम व १०० ओहमच्या विभाजकातून द्यावा, म्हणजे इनपुटला १ मिलिव्होल्ट मिळतो. नॉब एका टोकाला असताना आउटपुट २३ आणि दुसऱ्या टोकाला २५० मिलिव्होल्टच्या आसपास आले पाहिजे. ही तपासणी करताना विभाजकामुळे इनपुटच्या बाजूचे डीसी व्होल्टेज मध्यबिंदूच्या खाली जाते. इनपुटचा कपॅसिटर फिल्म प्रकारचा असावा असे सांगितले, त्यामागे हेही एक कारण आहे, कारण येथे इलेक्ट्रोलिटिक असता तर तो उलटा झाला असता.

खरखर नेमकी कुठून येते हे शोधण्याची रीत सोपी आहे. गेन कमाल ठेवून हेडफोनच्या अँप्लिफायरमधून ऐकावे, आणि मग कॅप्सूल काढून तिच्या जागी २.२ किलोओहमचा साधा रेझिस्टर ग्राउंडला जोडावा. खोली शांत असताना कॅप्सूल काढल्यावर खरखर ठळकपणे कमी झाली, तर तो नॉइज कॅप्सूलचा आहे आणि सर्किटमध्ये सुधारण्यासारखे काही राहिलेले नाही. पुढची सुधारणा हवी असल्यास कॅप्सूलच बदलावी. खरखर तशीच राहिली तर दोष आयसीत, सप्लायमध्ये किंवा पहिल्या टप्प्यातील एखाद्या रेझिस्टरमध्ये आहे. पहिल्या टप्प्यातील रेझिस्टर मेटल फिल्मचे घ्यावेत, कारण कार्बन कंपोझिशनचे रेझिस्टर त्यांवर डीसी व्होल्टेज असताना जास्तीचा नॉइज निर्माण करतात. २.२ किलोओहमच्या बायस रेझिस्टरवर असे व्होल्टेज कायमच असते.

आउटपुट संगणकाच्या किंवा रेकॉर्डरच्या लाइन-इनला जोडावे. मायक्रोफोनच्या जॅकला जोडल्यास तेथील इनपुटला २०० पट मोठा सिग्नल मिळून आवाज फाटेल. आणि ही कॅप्सूल मिक्सरच्या ४८ व्होल्टच्या फँटम सप्लायला (मायक्रोफोनच्या केबलमधूनच येणाऱ्या सप्लायला) थेट कधीही जोडू नये. तिची मर्यादा १० व्होल्टची आहे. फँटमवरून चालवायचे असेल तर मिक्सरमधील ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून मिळणारा करंट, व्होल्टेज मर्यादित ठेवणारा झेनर डायोड आणि दोन तारांवरचे बॅलन्स्ड आउटपुट यांची वेगळी आखणी करावी लागते.